उजव्या डोळ्याला गुरुवार दिसेना : कोविडनंतर डोळ्यातली शीर ब्लॉक होणे

कृष्णाकाठचा_पक्या | रविवार, सकाळी १०:१२

मंडळी नमस्कार. परवा सांधेदुखीच्या धाग्यावर मी जाता जाता लिहिलं होतं की कोविडनंतर माझ्या डोळ्यातली शीर ब्लॉक झाली होती, तर तिथे चारपाच जणांनी विचारलं हे काय असतं बुवा, नीट लिहा. तिकडे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. मी डॉक्टर नाही, पतसंस्थेत कॅशियर आहे, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

मे २०२१ मध्ये आमच्या घरात सगळ्यांनाच झाला. मला चार दिवस ताप, ऑक्सिजन ९४ च्या खाली कधी गेला नाही, घरीच गोळ्यांवर निभावलं. वय तेव्हा ४८. जूनमध्ये कामावर हजर. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी अंघोळ करून आलो, डाव्या डोळ्यात साबण गेलेला म्हणून तो टॉवेलने दाबून धरलेला आणि समोर भिंतीवर कालनिर्णय. आज तिथी कुठली म्हणून बघतोय तर रवि, सोम, मंगळ दिसतायत, बुध जरा धुरकट आणि खालचे गुरु, शुक्र, शनि नाहीतच. काळं नाही हो, काचेवर वाफ धरते तसं करडं. वाटलं उजव्या डोळ्यातही साबण गेला. धुतला, परत बघितलं, गुरुवार नाहीच. मग टॉवेल काढून दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर सगळा महिना जागच्या जागी!

दुखत नव्हतं, लाली नाही, पाणी नाही, काहीच नाही. नंतर आठवलं की आठ-दहा दिवस आधीपासून रोजकीर्द लिहिताना खालच्या ओळीत काहीतरी खटकत होतं आणि मी चष्म्याला शिव्या घालत होतो. बायको म्हणाली चष्मेवाल्याकडे नको, डोळ्याच्या डॉक्टरकडेच चला, म्हणून वाचलो.

डॉक्टरांनी थेंब टाकून बाहुली मोठी केली, आतला फोटो काढला आणि स्क्रीनवर दाखवला. डावा डोळा नारिंगी, स्वच्छ, नदीच्या नकाशासारखा. उजव्यात वरच्या अर्ध्या भागात कुणीतरी जास्वंदीची फुलं चुरगाळून टाकल्यासारखे लाल फराटे. नाव सांगितलं 'ब्रँच रेटायनल व्हेन ऑक्लुजन', म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) शिरेची एक फांदी तुंबलीय. वरच्या भागात तुंबली की दिसायचं खालचं जातं, डोळ्याचा मामला उलटा असतो म्हणे. बीपी बघितलं, १७०/१००. मला बीपी आहे हेच माहीत नव्हतं!!

मी विचारलं कोविडमुळे का बीपीमुळे? तर म्हणाले, टायर आधीच गुळगुळीत झाला होता, खिळा कोविडचा का रस्त्यावरचा ते आता पंक्चर झाल्यावर कसं सांगू.

पुढे इंजेक्शनं वगैरे बरंच आहे, दुपारी लिहितो, पाहुणे आलेत.

मेथीची_जुडी | रविवार, ११:०५

बाप रे! वाचता वाचता मी एकेक डोळा झाकून फ्रिजवरचं दूधवाल्याचं कार्ड वाचून बघितलं. दोन्हीनं दिसलं. पक्यादादा पुढचं लवकर लिहा, इंजेक्शन डोळ्यात देतात म्हणजे नक्की कुठे? बाहुलीत???

सडेतोड_आप्पा | रविवार, ११:४०

कोविड नाही लस. माझ्या साडूच्या ऑफिसात एकाला लस घेतल्यावर महिन्याभरात असंच झालं. पण हे कोणी बोलणार नाही.

नेत्रवैद्य_टेंबेवाडी | रविवार, दुपारी १:३०

रेटिनाच्या ओपीडीत रोज हेच बघतो म्हणून थोडं लिहितो. लसीचं नंतर.

पडद्याला रक्त आणणारी मुख्य धमनी एकच आणि रक्त परत नेणारी मुख्य शीर एकच. दोघींना फांद्या फुटतात आणि त्या फांद्या एकमेकींना ओलांडतात, बहुतेक ठिकाणी धमनी वर आणि शीर खाली, आणि तिथे दोघी एकाच आवरणात बांधलेल्या असतात. बीपीने, वयाने, साखरेने धमनी कडक झाली की खालच्या मऊ शिरेला दाबते. लोखंडी पाइपाखाली रबरी नळी सापडली की जे होईल ते. तिथे रक्त रेंगाळतं, गुठळी होते, मागे तुंबारा होतो, रक्त झिरपतं, तेच ते जास्वंदीचे फराटे. पाणी मधोमध म्हणजे मॅक्युलात साचलं की नजर जाते. पक्या यांचं हे झालं. मुख्य शीरच बंद पडली तर संपूर्ण पडदाभर रक्त, ते जास्त वाईट.

आता कोविड. हा विषाणू रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज आणतो, शिवाय रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, ते डी-डायमर प्रकरण (गुठळीचा अंदाज देणारी रक्ततपासणी) २०२१ मध्ये घराघरात पाठ झालं होतं. अस्तर बिघडलेलं, रक्त दाट आणि पेशंट आठवडाभर झोपून, पाणी कमी प्यालेला. गुठळीला आणखी काय पाहिजे. मे २०२० मध्येच ब्राझीलच्या डॉक्टरांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १२ कोविड पेशंटांच्या पडद्यावर बारीक बदल दिसल्याचं लिहिलं होतं, चौघांना कापसाच्या पुंजक्यासारखे ठिपके होते. त्यावर पुढे वादही झाला की ते स्कॅनवर दिसतंय ते खरंच आजाराचं का नेहमीच्याच रक्तवाहिन्या, पण विषयाला तोंड तिथून फुटलं.

बे_एरियातली_सई | रविवार, रात्री ९:१८ (इथे सकाळ)

मी कॅलिफोर्नियात हेल्थ डेटामध्ये काम करते, डॉक्टर नाही. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कायझर पर्मनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेच्या नोंदींवरून २०२२ मध्ये जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी या डोळ्यांच्या वैद्यकीय नियतकालिकात पेपर आला होता. कोविड झालेले ४ लाख ३२ हजारांवर लोक घेतले, ज्यांना कोविडच्या सहा महिन्यांहून आधी हा त्रास कधी नव्हता असे, आणि त्याच लोकांचे कोविडच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचा काळ ताडून बघितला. नंतरच्या काळात शीर बंद पडलेले ६५, धमनी बंद पडलेले १६. शिरेचं प्रमाण आधीपेक्षा साधारण दीडपट झालं, धमनीचं थोडं वाढलेलं दिसलं पण आकडे इतके छोटे की ते योगायोगानेही असू शकतं. शिरेच्या केसेस सगळ्यात जास्त कोविडनंतर ६ ते ८ आठवड्यांत. पक्या यांचा मे ते जुलै हिशोब बघा, बरोब्बर तिथेच बसतो.

पण घाबरवण्यासाठी लिहीत नाहीये. सव्वाचार लाखांत ६५. दहा लाख लोकांमागे दर पंधरवड्याला १२ च्या आसपास. दीडपट ऐकायला मोठं वाटतं पण मुळात टिचभर असलेल्या गोष्टीची दीडपट. आणि लॉकडाउनमध्ये लोक डोळे तपासायलाच जात नव्हते, त्यामुळे आधी-नंतरची तुलना तशीही थोडी लंगडी.

सडेतोड_आप्पा | रविवार, रात्री १०:०२

अमेरिकेचे आकडे. बरं. लसीचं बोला ना.

बे_एरियातली_सई | रविवार, रात्री १०:४०

बोलूया की. २०२३ च्या एका अभ्यासात एमआरएनए लस घेतलेले ३१ लाख लोक होते, त्यातल्या १०४ जणांना २१ दिवसांत शिरेचा त्रास निघाला आणि फ्लूच्या किंवा धनुर्वाताच्या लसीशी तुलना केली तर जास्त धोका दिसला नाही. दुसऱ्या एका पेपरात, २०२३ चाच, तशाच प्रकारच्या अमेरिकन नोंदी वापरून दोन वर्षांत धोका दुपटीहून जास्त दिसला. म्हणजे दोन्ही बाजूंचं छापून येतं, कुणी लपवत नाहीये आप्पा. आणि हे मुख्यतः फायझर-मॉडर्नाबद्दल, आपल्याकडे बहुतेकांनी घेतली कोविशील्ड नाहीतर कोव्हॅक्सिन, त्यामुळे तुमच्या साडूच्या ऑफिसातल्या माणसाला यातलं काहीच थेट लागू होत नाही. ना तुमच्या बाजूने ना माझ्या.

नेत्रवैद्य_टेंबेवाडी | रविवार, रात्री ११:१५

सईताईंना अनुमोदन. माझं एवढंच म्हणणं, २०२१ च्या त्या सहा महिन्यांत अख्ख्या गावाला एक तर कोविड झाला होता नाहीतर लस मिळाली होती नाहीतर दोन्ही. कुठल्याही पेशंटला विचारा, उत्तर हो येणार. त्यामुळे एकट्या माणसाकडे बोट दाखवून "ह्याच्यामुळेच" म्हणता येत नाही, ना लसीला ना कोविडला. बीपीचं मशीन मात्र तिथल्या तिथे उत्तर देतं. मी तरी आधी पट्टा गुंडाळतो आणि मग इतिहास विचारतो.

कृष्णाकाठचा_पक्या | सोमवार, सकाळी ७:५०

काल पाहुणे रात्रीपर्यंत हलले नाहीत, सॉरी. तर इंजेक्शन.

आधी ओसीटी नावाचं स्कॅन केलं, हनुवटी टेकवून हिरव्या दिव्याकडे बघायचं, दोन मिनिटांचं काम. त्यात सूज मोजतात, म्हणजे पडद्याची मधली जाडी. नॉर्मल २५० मायक्रॉनच्या आसपास, माझी ५२०. मग हातातून पिवळा डाय सोडून अँजिओग्राफी. त्याची सूचना नीट ऐका, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत लघवी हायलायटर पेनासारखी पिवळीजर्द होते आणि मी ऐकलं नव्हतं, पहाटे पाचला बायकोला उठवलं की कावीळ झाली.

इंजेक्शन बाहुलीत नाही हो मेथीताई, डोळ्याच्या पांढऱ्या भागात, काळ्या वर्तुळापासून ४ मिलिमीटर मागे. ऑपरेशन थिएटरमध्येच नेतात. बधिर करायचे थेंब टाकतात, मग बेटाडीन, ते झोंबतं, खरं दुखणं काय ते तेवढंच. पापण्या उघड्या ठेवायला चिमटा लावतात, तो बघून निम्मा जीव जातो. सुई टोचल्याचं कळलंच नाही, अंगठ्याने कुणी दाबलं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी नजरेत खाली एक काळा गोल फुगा तरंगत होता, हलला की हलायचा, तो हवेचा बुडबुडा, दोन दिवसांत विरघळला. काही दिवस डोक्यावरून अंघोळ बंद, थेंब चालू.

पहिल्यानंतर महिन्याने सूज ३१०. मी पेढे वाटायच्या तयारीत. पुढच्या महिन्यात परत ४४०. हे कुणी आधी सांगत नाही किंवा सांगतात आणि आपण ऐकत नाही, की हे एका इंजेक्शनचं काम नाही. दीड वर्षात मला ९ झाली. एकाला मला १८ हजार पडायचे, मेडिक्लेमवाल्यांनी पहिली दोन नाकारली, २४ तास भरती नाही म्हणून, ती कहाणी वेगळ्या धाग्यात.

वऱ्हाडी_ठेचा | सोमवार, ९:२२

पक्याभाऊ आमच्या मामाजीचं याच्याहून बेक्कार झालं. त्यायले तर ब्लॅक फंगस झालता नं २०२१ मध्ये, शुगर पहिलेच ४०० च्या वर अन् कोविडमध्ये स्टेरॉइड. गाल दुखे, नाकातून काळं येई, मग एका रात्रीत डोळा सुजून बंद. डॉक्टर म्हणे बुरशी रक्ताच्या नळीतच घुसते अन् नळी बंद करते, म्हणून नजर जाते. डोळा काढा लागला. जीव वाचला पण. तेव्हा ते बुरशीवरचं अँफोटेरिसिनचं इंजेक्शन आणाले आम्ही चार जण चार जिल्ह्यात फिरत होतो. हेही तुमच्या विषयातच येते का?

नेत्रवैद्य_टेंबेवाडी | सोमवार, दुपारी २:०५

येतं ठेचाभाऊ, आणि आपल्याकडे कोविड आणि डोळा म्हटलं की आधी तेच आठवतं. म्युकर ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून वाढते, डोळ्याची मुख्य धमनी बंद करते आणि मेंदूकडे सरकते. देशभरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी मिळून २८२६ केसेस एकत्र करून छापल्या होत्या, त्यात बहुतांश मधुमेही आणि बहुतेकांना स्टेरॉइड दिलेलं. फक्त पक्या यांचा रोग वेगळा, तिथे बुरशी नाही, गुठळी आहे. मामाजींना डोळा काढून जीव वाचवला हा निर्णय बरोबरच होता, ते घरच्यांना पुन्हा पुन्हा सांगत जा, अपराधी वाटतं लोकांना.

आणि धमनीचा विषय निघालाच आहे तर. शीर तुंबली तर एकदोन दिवसांनी फार बिघडत नाही. पण गुठळीने धमनी बंद पडली तर नजर एका क्षणात, बटण बंद केल्यासारखी जाते, तेही न दुखता. तो डोळ्याचा पॅरालिसिसचा झटका समजा. पडदा रक्ताशिवाय काही तासच जगतो, चार तासांनंतर फारसं हाती लागत नाही. अशा वेळी डोळ्याच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेत बसू नका, स्ट्रोकचे उपचार होतात अशा मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, कारण पुढचा झटका मेंदूचा असू शकतो. एका डोळ्यापुढे पाच मिनिटं पडदा पडून परत दिसायला लागलं तरी हेच. "आलं परत" म्हणून झोपू नका. पन्नाशीपुढे सोबत डोकं दुखणं, केस विंचरताना टाळू दुखणं, चावताना जबडा दुखणं असेल तर तेही सांगा, तो वेगळा आजार असतो आणि दुसरा डोळाही घेऊन जातो.

शांता_गोरेगाव | सोमवार, संध्या. ६:४४

माझ्या सासूबाईंना हेच झालं होतं, धमनीचं. जानेवारी २०२२, कोविड होऊन अडीच महिने झालेले. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना म्हणाल्या उजवीकडचं निरांजन विझलं का गं. विझलं नव्हतं. मी पण वेडी, म्हटलं झोपा, थकलाय. दुसऱ्या दिवशी रविवार, सोमवारी नेलं. डॉक्टरांनी पडद्याच्या मधोमध लाल ठिपका दाखवला, बाकी सगळा फिकट पडलेला, आणि म्हणाले आता काही नाही होणार. टेंबेवाडीच्या डॉक्टरांचं वर वाचलं आणि परत ते निरांजन आठवलं.

मेथीची_जुडी | सोमवार, ७:१०

शांताताई, तुम्हाला कसं माहीत असणार? आम्हाला कुणाला माहीत होतं?

सडेतोड_आप्पा | सोमवार, ७:३५

शांताताई, मनाला लावून घेऊ नका. माझी बायको पण हेच म्हणाली असती, झोपा म्हणून.

डॉक्टर, एक विचारतो, वाकडं नाही. मी इकोस्प्रिन (रक्त पातळ करायची गोळी) रोज घेतो, स्टेंट आहे. त्याने हे टळतं का? का उलट डोळ्यात रक्त जास्त येतं?

नेत्रवैद्य_टेंबेवाडी | सोमवार, रात्री १०:५०

चांगला प्रश्न आप्पा. तुमची गोळी हृदयासाठी आहे, डोळ्याच्या भीतीने ती बंद करू नका. पण ज्यांना हृदयाचं काही नाही त्यांनी हा धागा वाचून उद्यापासून इकोस्प्रिन सुरू करू नये. बंद पडलेली पडद्याची शीर रक्त पातळ करायच्या गोळीने उघडत नाही. इंजेक्शनही शीर उघडत नाही, ते फक्त झिरपणं थांबवतं आणि सूज उतरवतं, तोवर शरीर आपलं आपण बायपास तयार करतं. म्हणून तर परत परत द्यावं लागतं.

तरुण पेशंट असेल, बीपी-शुगर काही नसेल, तर मी रक्तातलं होमोसिस्टीन आणि बी१२ बघायला सांगतो, बी१२ कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं आणि त्याचा गुठळीशी संबंध असतो. पक्क्या शाकाहारी घरांत बी१२ पार तळाला गेलेलं बऱ्याचदा सापडतं.

हिंग_जिरे | मंगळवार, ८:३०

त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुतले तर शीर मोकळी होते असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय, कुणी करून बघितलं का?

कृष्णाकाठचा_पक्या | मंगळवार, ८:५५

हिंग_जिरे, शीर डोळ्याच्या मागच्या भिंतीला असते, पाणी लागतं पुढच्या काचेला. खिडकी धुऊन मोरी तुंबलेली निघते का? मला पण तीन जणांनी त्रिफळा दिला होता, घरी अजून डबा भरलेला आहे, पाहिजे तर पाठवतो.

मेथीची_जुडी | मंगळवार, ९:४०

🤣🤣 मोरी!

पक्यादादा आता नजर कशी आहे पण? आणि बीपी?

कृष्णाकाठचा_पक्या | मंगळवार, दुपारी १:२०

बीपी १३०/८० च्या आसपास, दोन गोळ्या. घरातच मशीन आणलं, ते येईल त्याला लावतो, एलआयसीचा एजंट आला होता त्याचंच १६० निघालं, बिचारा पॉलिसी न विकता गेला. सहा महिन्यांपासून इंजेक्शन नाही, सूज २७० वर थांबलीय. गुरुवार परत आला, शुक्रवार पण. शनिवारच्या खालची रेघ मात्र अजून मध्येच पाणी लागल्यासारखी वाकते आणि एका डोळ्याने सुईत दोरा काही जात नाही. रोजकीर्द दोन्ही डोळ्यांनी लिहितो त्यामुळे काम अडत नाही.

शांता_गोरेगाव | मंगळवार, रात्री ९:०५

आज घरातल्या सगळ्यांना कालनिर्णयसमोर उभं केलं, एकेक डोळा झाकून. मुलगा वैतागला, नवरा हसला. सासूबाईंना डाव्याने सगळं दिसतं, तेवढा एक डोळा नीट आहे बघून बरं वाटलं. माझ्या आईला व्हिडिओ कॉलवर करायला लावलं तर ती म्हणे डाव्याने सगळे वार दिसतात पण सगळेच पिवळट आणि उजव्याने स्वच्छ. डॉक्टर, हे काय असेल?

नेत्रवैद्य_टेंबेवाडी | मंगळवार, रात्री ९:३०

न तपासता सांगू नये, पण वाटतोय मोतीबिंदू. आजच धावपळ करायला नको, या आठवड्यात दाखवून घ्या. आणि पडदाही बघायला सांगा, थेंब टाकून.

शांता_गोरेगाव | मंगळवार, रात्री ९:३४

शुक्रवारची वेळ घेतली.